उद्घाटन झालं, मग विमान का येत नाही? राज्य सरकारचा यात हात किती?

तुम्ही विचारलंय की विमानतळ हा केंद्राचा विषय, मग राज्य सरकार त्यात करतं काय, आणि उद्घाटन होऊन महिनोन्महिने विमान का येत नाही. पहिलं बरोबरच आहे, घटनेत विमानतळ केंद्राच्या यादीत आहेत, लायसन डीजीसीए म्हणजे केंद्राचं नागरी विमान वाहतूक संचालनालय देतं, सिक्युरिटीची मंजुरी बीसीएएस, म्हणजे केंद्राचाच विमान सुरक्षा विभाग. पण जमीन, पाणी, पोलीस, रस्ता आणि इंधनावरचा व्हॅट हे सगळं राज्याकडे, त्यामुळे लहान गावातला एअरपोर्ट चालणार की नाही हे माझ्या मते बरंचसं मंत्रालयात ठरतं.

महाराष्ट्रात तर राज्य स्वतः मालक पण आहे. २००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी म्हणजे एमएडीसी काढली, शिर्डी (२०१७) आणि अमरावतीचं बेलोरा (२०२५) तिचं. सिंधुदुर्गातलं चिपी एमआयडीसीचं. सोलापूर, कोल्हापूर, जळगाव मात्र केंद्राच्या एअरपोर्ट अथॉरिटीकडे.

आता सोलापूरच घ्या. एअरपोर्ट केंद्राचा, पण अडलं कुठे तर सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीपाशी. विमानाच्या वाटेत ती उंच चिमणी, त्यावरून कितीतरी वर्षं कोर्टकचेरी, सभासद शेतकऱ्यांचा विरोध, शेवटी जून २०२३ मध्ये महापालिकेने पोलीस बंदोबस्तात पाडली. हे काम एअरपोर्ट अथॉरिटीला जमणारं नव्हतंच. नंतर सप्टेंबर २०२४ ला उद्घाटन झालं आणि गोव्याचं विमान सुरू झालं जून २०२५ ला.

उडान म्हणजे लहान शहरं परवडणाऱ्या विमानाने जोडायची केंद्राची योजना, तिच्यात राज्याने काय काय द्यायचं ते लिहिलेलंच आहे, इंधनावर व्हॅट १ टक्का किंवा कमी, जागा फुकट, पोलीस आणि अग्निशमन फुकट, वीज-पाणी सवलतीत, आणि विमान कंपनीला जो गॅप फंड म्हणजे तोटा भरून देतात त्यातले २० टक्के. यातलं अग्निशमन लोकांच्या लक्षातच येत नाही. विमानाच्या साइझवर फायर कॅटेगरी ठरते, त्या हिशोबाने बंब, फोम, पाणी आणि ट्रेनिंग झालेली माणसं प्रत्येक लँडिंग-टेकऑफला तयार लागतात, एक बंब बिघडला आणि बदली गाडी नसली की कॅटेगरी खाली येते आणि त्या साइझचं विमान उतरवता येत नाही, मग टर्मिनल कितीही चकाचक असू दे. तसंच १० किलोमीटरच्या आत उघड्यावर कत्तल आणि कचरा टाकायला बंदी आहे, कारण पक्षी येतात, पण ते बघायचं कुणी तर शेवटी आपली नगरपालिका नि ग्रामपंचायत.

आणि खरी अडचण पुढेच आहे. उडानचा गॅप फंड ३ वर्षांचा. चिपी-मुंबई विमान २०२१ ला सुरू झालं, मुदत संपली आणि २०२४ ला बंद पडलं, कोकणातल्या माणसाला परत रात्रीची गाडी. म्हणून सोलापूर-मुंबईसाठी २०२५ मध्ये राज्याने स्वतःच्या तिजोरीतून गॅप फंड द्यायचं ठरवलं ते मला पटतं, फक्त दर महिन्याला किती सीट भरल्या नि किती पैसे गेले हे जाहीर करायला पाहिजे, पैसा आपलाच आहे.

तेव्हा पालकमंत्री भेटले की धावपट्टी कधी वाढणार हे नंतर विचारा. आधी विचारा, अग्निशमनची पदं मंजूर झाली का, पोलिसांना विमानतळ सुरक्षेचं ट्रेनिंग झालं का, आणि ३ वर्षांनंतरच्या गॅप फंडाची तरतूद बजेटमध्ये कुठल्या खात्याखाली आहे. उत्तर लेखी मागा, नाही मिळालं तर माहिती अधिकारात अर्ज टाका.