फूल कोणाचं, ते आधी विचार

बडोदे, श्रावण

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. माणसं आणि फुलं एकत्र घेऊन पोर्ट्रेटची मालिका करायचं तू ठरवलंस, हे वाचून फार आनंद झाला. सोबत पाठवलेली फुलांच्या अर्थांची यादी मात्र बाजूला ठेव. लाल गुलाब म्हणजे प्रेम, लिली म्हणजे निर्मळपणा, अशा जोड्यांच्या याद्या एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-फ्रान्समध्ये लोकप्रिय झाल्या. आपल्याकडे फूल कोणत्या देवाला वाहतात, कोण माळतं आणि कोणाला माळू देत नाहीत, यावरून त्याचा अर्थ ठरतो. लाल जास्वंद आपल्या गणपतीची, तीच बंगालात कालीची. केवडा शंकराला चालत नाही, पण वेणीत हवाहवासा वाटतो. पारिजातक जमिनीवरून वेचूनही देवाला वाहतात. झेंडू तर मूळचा मेक्सिकोकडचा. तिथे नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांच्या स्मरणासाठी तो मांडतात, आणि आपण दसऱ्याला त्याचंच तोरण दाराला बांधतो. म्हणून आधी माणूस निवड आणि फूल त्यालाच विचार.

इथे बडोद्यात दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरांत तुला आज्या भेटतील. नवरा गेला त्या दिवशी केसांतलं फूल गेलं, ते पुन्हा आलंच नाही, अशा कितीतरी. तिथे फार जपून वाग. आपण काही मोठं करून दाखवतोय या भरात तिच्या अंबाड्यात अबोली खोचू नकोस. दुसऱ्यांदा भेटायला जाशील तेव्हा विचार, आणि सुनेसमोर विचारू नकोस. ‘नको गं’ म्हणाली, तर त्या ‘नको’चाही फोटो होतो: मांडीवर ताटलीत मोगऱ्याच्या कळ्या, हातात सुई-दोरा, देवासाठी हार ओवतेय आणि स्वतःच्या केसांत फूल नाही. आपल्या बायकांना ते बघताक्षणी कळेल, खाली ओळ लिहावी लागणार नाही. ‘हो’ म्हणाली, तर गजरा तिने स्वतः माळावा किंवा लेकीने माळून द्यावा. तू हात लावू नकोस. आकडा अडकवताना मान किंचित झुकते, तेवढ्यात जो चेहरा दिसतो तो ‘इकडे बघा’ म्हणून मिळत नाही.

गजरा असतो मागे. समोरून फोटो हवा म्हणून तो ओढून खांद्यावर आणलेला मला अजिबात आवडत नाही. तसं कोणी माळत नाही. तिला खिडकीकडे तोंड करून बसव, तू बाजूला जा आणि एका अंगाने घे. डोळा आणि फूल दोन्ही स्पष्ट हवेत, म्हणून एफ १.८ चा, म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं ठेवून मागचं सगळं धूसर करायचा, मोह सोड, ५.६ किंवा ८ वर ये. खिडकीवर जुनं पांढरं धोतर ताणून लाव. त्यातून येणारा उजेड सुरकुत्यांनाही सांभाळतो आणि मोगऱ्याच्या पांढऱ्यालाही.

लाल जास्वंदीशी सावध राहा. कॅमेऱ्याचा लाल रंग आधी भरून जातो आणि पाकळीवरच्या शिरा जाऊन नुसता लाल डाग उरतो. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमध्ये घे, एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप खाली आण म्हणजे फोटो थोडा गडद येईल, हिस्टोग्राममधला, म्हणजे उजेडाच्या आलेखातला लाल वेगळा तपास. चेहरा काळवंडला तर सावलीच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा धर. झेंडूची माळ हनुवटीजवळ आली की नारिंगी छटा कातडीवर चढते. हळदीच्या फोटोत ती गोड दिसते, एरवी माळ खाली घे.

फुलं खंडेराव मार्केटातून सकाळी लवकर आण. मोगऱ्याच्या कळ्या आदल्या संध्याकाळी घेऊन ओल्या फडक्यात ठेव. जास्वंद मात्र झाडावरून त्याच दिवशी तोड, तिचं आयुष्य दिवसभराचंच. आणि हे नीट लक्षात ठेव: शंकराचा धोतरा सर्वांगी विषारी आहे, कण्हेरही तशीच. मारुतीच्या रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. ही फुलं कोणाच्या ओठांशी, डोळ्यांशी नेऊ नकोस. लहान मुलांच्या हातात तर मुळीच नको.

एखादी दुपार फत्तेसिंह संग्रहालयात काढ. राजा रविवर्म्याची सयाजीरावांच्या काळातली चित्रं तिथे आहेत. चेहरे सगळेच बघतात, तू हात बघ: बोटं वस्तूला कशी धरतात, कुठे नुसती टेकतात. फूल धरायला दिलं की माणसाचा हात लाकडी होतो. तो मोकळा करायचा एकच उपाय मला माहीत आहे, त्या फुलाचं काहीतरी काम करायला देणं. ओवणं, निवडणं, देठ खुडणं.

प्रदर्शनाचा विचार आत्ता नको. प्रिंट निघाली की पहिली तिच्या घरी नेऊन दे आणि चार दिवस राहू दे. तिच्या नणंदा, पुतणे, शेजारणी बघतील, बोलतील. गजरा माळलेली आजी त्यांना कशी वाटली, ते तिला सोसायचं आहे, तुला नाही. त्यानंतर परत जा आणि हा फोटो भिंतीवर लावू का, असं पुन्हा विचार. पहिला होकार फोटो काढण्यापुरता होता.

तुझी,
काकू