साधी माणसे लिहायला बसली की इतकी जड भाषा का वापरतात?

तुम्ही लिहिले आहे की तुमच्या गृहनिर्माण संस्थेचे सचिव जिन्यात भेटले की अगदी घरच्यासारखे बोलतात, पण फलकावर सूचना लावायची झाली की ‘सर्व संबंधित सभासदांस याद्वारे सूचित करण्यात येते की’ अशी सुरुवात करतात. आणि तुमचा प्रश्न असा की, आपण कोणी मोठे आहोत हे भासवण्यासाठीच लोक असे लिहितात का. मोठेपणाचा मोह त्यात असतो, हे मी नाकारणार नाही. परंतु नोकरीची बरीच वर्षे सरकारी कार्यालयात टिप्पण्या आणि मसुदे लिहिण्यात गेल्यामुळे माझे मत असे झाले आहे की, या भाषेचे मूळ अधिकाराच्या तोऱ्यापेक्षा आपल्याला कितपत अधिकार आहे याविषयीच्या शंकेत अधिक असते.

याचा पुरावा कोणत्याही नस्तीत, म्हणजे कार्यालयीन फायलीत, सापडतो. मंत्रालयातील नस्ती खालून वर जाताना सहायक कक्ष अधिकारी, कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव अशा पायऱ्या चढते. तळाची टिप्पणी ‘उपरोक्त विषयाच्या अनुषंगाने सादर करण्यात येते की, संदर्भाधीन पत्रान्वये प्राप्त प्रस्तावाची छाननी केली असता’ अशी सुरू होऊन दोन पाने चालते. मधला अधिकारी चार-पाच ओळींत आपले मत देतो. आणि ज्याच्या सहीने खरोखर निर्णय होतो तो ‘मान्य’ किंवा ‘चर्चा करावी’ एवढाच शेरा मारून मोकळा होतो. खालच्या माणसाला सविस्तर लिहावे लागते हे खरे, कारण वस्तुस्थिती मांडण्याचे काम त्याचेच असते. पण ‘छाननी केली’ याऐवजी ‘छाननी करण्यात आली असल्याचे दिसून येते’ असे लिहिण्याने वस्तुस्थितीत तिळमात्र भर पडत नाही. ज्याला आपले म्हणणे सहज फेटाळले जाईल अशी धास्ती असते, तो ते भारदस्त करून पाहतो.

ही केवळ आपल्याकडची गोष्ट नाही. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी 1960 च्या दशकात न्यूयॉर्कमधील लोकांचे उच्चार अभ्यासले, तेव्हा त्यांना असे आढळले की, अत्यंत काळजीपूर्वक बोलण्याची वेळ आली की कनिष्ठ मध्यमवर्गातील माणसे प्रतिष्ठित मानला जाणारा ‘र’चा उच्चार आपल्याहून वरच्या वर्गापेक्षाही अधिक वेळा करतात. जो वरच्या पायरीवर स्थिर आहे त्याला काही सिद्ध करायचे नसते. जो मधल्या पायरीवर आहे तोच नेमापेक्षा जास्त काटेकोर होतो. तुमच्या सचिवांचे स्थान नेमके असे आहे. ते निवडून आलेले, बिनपगारी आणि शेजारच्याच दारात राहणारे आहेत, आणि उद्या वर्गणी थकवणाऱ्याला त्यांना तोंड द्यायचे आहे. ‘मी सांगतो’ असे म्हटले तर ‘तुम्ही कोण सांगणारे?’ असा प्रश्न येऊ शकतो. ‘सूचित करण्यात येते’ असे म्हटले की सांगणारा माणूसच वाक्यातून नाहीसा होतो आणि जणू संस्था स्वतः बोलू लागते. या कर्मणी रचनेचा खरा उपयोग हाच आहे, आणि कार्यालयात तो आम्ही सर्वांनी मनसोक्त केला आहे. ‘विलंब झाला आहे’ या वाक्यात विलंब करणारा कोणी नसतो.

आता ही भाषा आली कोठून, हेही पाहिले पाहिजे, कारण सचिवांनी ती स्वतः घडवलेली नाही. मराठीत वजनदार लिहिण्याचे दोन जुने साठे आहेत. पहिला फारसीचा. कोर्ट, पोलीस आणि जमिनीचे दस्त आजही ‘सदरहू’, ‘नमूद इसम’, ‘मजकूर’ या शब्दांवर चालतात. दुसरा संस्कृतचा. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला तो दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठीच. पुढे 1960 मध्ये राज्य स्थापन झाले, त्याच वर्षी भाषा संचालनालय निघाले, 1964 मध्ये राजभाषा अधिनियम झाला आणि इंग्रजीत चाललेला सगळा कारभार मराठीत आणण्याचे प्रचंड काम थोड्या अवधीत करावे लागले. त्यातून संस्कृत शब्द आले आणि त्यांच्याबरोबर इंग्रजी कायद्याच्या वाक्यांची लांबलचक घडणही आली. अधिकाऱ्यांच्या हुद्द्यांसाठी काढलेल्या पदनाम कोशाला आचार्य अत्र्यांनी ‘बदनाम कोश’ म्हटले, ते पुष्कळांना पटलेही. मला स्वतःला ही थट्टा अर्धीच न्याय्य वाटते. सावरकरांनी सुचवलेले महापौर, दिनांक, क्रमांक हे शब्द आज कोणाच्याही जिभेला जड वाटत नाहीत, तेव्हा एखादा शब्द संस्कृत आहे म्हणून तो बडेजावाचा ठरत नाही.

शिवाय काही औपचारिकता खरोखर कामाची असते, आणि तिला दिखाव्यात मोजणे अन्यायाचे होईल. शासन निर्णयाच्या शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ असे असते, ते संविधानाच्या अनुच्छेद 166 नुसार राज्याची कार्यवाही राज्यपालांच्या नावाने व्यक्त करावी लागते म्हणून. पोलिसांच्या फिर्यादीत ‘शिवीगाळ व दमदाटी करून जिवे मारण्याची धमकी दिली’ हे साचेबंद वाक्य सतत दिसते, कारण त्यातील शिवीगाळ आणि धमकी या स्वतंत्र गुन्ह्यांच्या कलमांना लागू पडणाऱ्या बाबी आहेत. पूर्वी भारतीय दंड संहितेची 504 आणि 506 ही कलमे लागत, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेची 352 आणि 351 लागतात. हवालदाराने हे वाक्य ‘त्याने त्याला खूप सुनावले’ असे सोपे केले, तर फिर्यादीचेच नुकसान होईल.

अडचण तेव्हा होते, जेव्हा हा साचा त्याच्या कामापासून सुटून केवळ पोशाख म्हणून वापरला जातो. तहसील कार्यालयाबाहेर टेबल मांडून बसलेल्या माणसाकडून अर्ज लिहून घेणारा शेतकरी ‘अर्जदार नामे अमुक, विनंती अर्ज सादर करतो की’ असेच लिहून मागतो, कारण साध्या बोलीत लिहिलेला कागद बाजूला पडेल अशी त्याची समजूत असते, आणि ती अगदीच निराधार असते असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. त्याच्या बाबतीत ही भाषा मोठेपणासाठी नसून आपल्याला कोणी हुसकावून लावू नये यासाठी असते. याउलट चौकातल्या फ्लेक्सवरचे ‘कार्यसम्राट’ आणि ‘युवकांचे प्रेरणास्थान’ हे मात्र निव्वळ मोठेपणासाठीच असते. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

अशा लिहिण्याने माणूस खरोखर महत्त्वाचा वाटतो का? डॅनियल ओपनहायमर या मानसशास्त्रज्ञाने 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यापीठातील विद्यार्थ्यांना एकाच मजकुराची सोपी आणि अकारण अवघड केलेली रूपे वाचायला दिली होती, आणि अवघड रूपाचा लेखक त्यांना कमी बुद्धिमान वाटला. या शोधनिबंधाला त्या वर्षी विनोदी संशोधनाचे इग्नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि ते वाचक मोकळे होते. लेखकाच्या हातात त्यांचे काहीच अडकलेले नव्हते. ज्याचा फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतील बदल, मंजूर व्हायचा आहे त्याला तलाठ्याचे पत्र कितीही क्लिष्ट वाटले तरी तो तलाठ्याला कमी बुद्धीचा ठरवत नाही. तो स्वतःलाच अडाणी समजून कोणाकडून तरी ते समजून घेतो. क्लिष्टतेचे पीक टिकून राहते ते या विषमतेमुळे, आणि तिचा तोटा लिहिणाऱ्याला क्वचितच सोसावा लागतो.

तुमच्या संस्थेत तशी विषमता नाही, म्हणून तेथे हा प्रश्न सुटण्यासारखा आहे. पुढच्या वेळी सचिव ‘टाकीच्या स्वच्छतेच्या कारणास्तव पाणीपुरवठा खंडित करण्यात येणार असल्याने सभासदांनी योग्य ती दक्षता घ्यावी’ असे लिहून आणतील, तेव्हा त्यांना हसू नका. सर्वांसमक्ष दुरुस्तीही सुचवू नका, कारण मुळात ते धास्तीपोटीच असे लिहीत असतील तर त्यामुळे सूचना आणखी जड होईल. दक्षता म्हणजे नेमके काय करायचे आणि पाणी किती वाजता जाणार, एवढेच त्यांना तोंडी विचारा. ते तुम्हाला ‘दहा ते चार पाणी नाही, सकाळीच भरून ठेवा’ असे जे सांगतील, तेवढेच त्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिण्याची विनंती करा आणि खाली ‘व्यवस्थापक समितीच्या वतीने’ हे शब्द मात्र राहू द्या.