महागलेलं मटण, चार ताटं

प्रश्न : मटण इतकं महागलंय की महिन्याचं गणितच बसेना. घरात खाणारे चार, कुणालाच कमी चालत नाही. काय करू?

उत्तर : अहो, मीही आधी नुसतं प्रमाण कमी करून पाहिलं. मुलगा रस्सा ढवळून तुकडे मोजायला लागला! मग बिनहाडाचं सोडून खांदा आणि नळीचं घ्यायला लागले. ते चिवट असतं खरं, पण मंद आचेवर दोन-अडीच तास ठेवलं की त्यातलं कोलॅजन, म्हणजे मांस चिवट करणारं प्रथिन, विरघळून मऊ, चिकटसर जिलेटिन होतं. मांस सुटं होतं, रस्साही अंगचाच दाटतो. उरलेल्या हाडांचं दुसऱ्या दिवशी सूप. खिम्यात तिसरा हिस्सा शिजवलेली मसूर खपते. निम्मी घातली तेव्हा मात्र चोरी पकडली गेली. मटणाऐवजी कधी कोंबडी आणलीत, तर अख्खी आणून घरीच तुकडे करा. माझी पहिली फार वेडीवाकडी तुटली होती.