अमेरिकेतल्या जॉर्जियाचं हवामान कसं आहे, आणि तिथलं राजकारण-अर्थकारण इतकं कसं बदललं?

राजधानी अटलांटा साधारण ३२० मीटर उंचीवर आहे, म्हणून जुलैत पारा ३२ अंशांच्या आसपास राहतो. घाम मात्र मुंबईसारखाच. वेगळा पावसाळा नाही, वर्षाचा सुमारे १,२५० मिलिमीटर पाऊस बाराही महिने पडत राहतो. मार्चअखेर पाइनचे परागकण गाड्यांवर हळदीसारखे बसतात. ॲलर्जी असेल तर औषधाचं त्याआधीच डॉक्टरांना विचारून ठेवा.

धास्ती घ्यावी ती बर्फाची. २८ जानेवारी २०१४ ला अटलांटात जेमतेम ५-६ सेंटिमीटर बर्फ पडला. शाळा-कचेऱ्या दुपारी एकदमच सुटल्या, बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या गाड्या त्याच कोंडीत अडकल्या, चाकांखाली वितळलेलं पाणी पुन्हा गोठलं आणि कित्येकांची रात्र गाडीतच गेली. इशारा आला की घरी थांबा.

मिरवायचं फळ पीच. त्याला हिवाळ्यात ७ अंशांखालच्या थंडीचे शेकडो तास लागतात. २०२३ मध्ये हिवाळा उबदार गेला, मोहर लवकर आला आणि मार्चच्या गारठ्यात जळाला. ९० टक्क्यांहून जास्त पीक गेलं. शेतीतला मोठा पैसा तसाही ब्रॉयलर कोंबडीत आहे.

कोंबडीच्या आधी सगळा कापूसच होता. बेसुमार कापसाने माती इतकी धुपली की स्टुअर्ट काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) सुमारे ४५ मीटर खोल घळी पडल्या. आज ते प्रॉव्हिडन्स कॅनियन म्हणून पर्यटनस्थळ आहे! १९१५ नंतर कापसाच्या बोंडातल्या सोंड्या किडीने उरलंसुरलं संपवलं. पुढे डेल्टा एअरलाइन्सचं मुख्यालय १९४१ मध्ये अटलांटात आलं. अलीकडचं म्हणाल तर २००८ पासून चित्रपटांना ३० टक्क्यांपर्यंत करसवलत आणि २०२४ मध्ये सव्हानाजवळ सुरू झालेला ह्युंदाईचा कारखाना.

राजकारणाची किल्ली मात्र काउंटीत आहे. राज्यात १५९ काउंट्या. डेमोक्रॅटिक प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) जिंकला तो निवडून आलाच, अशी १९६० च्या आसपासपर्यंत स्थिती होती, आणि ती प्रायमरी डोक्यांवर नाही, काउंटीवर मोजायचे: मोठ्या ८ काउंट्यांना प्रत्येकी ६ मतं, पुढच्या ३० ना ४, उरलेल्या १२१ ना २. १९६० मध्ये फुल्टनची (म्हणजे अटलांटाची) लोकसंख्या ५,५६,३२६, तिला ६ मतं. एकोल्सची १,८७६, तिला २. म्हणजे एकोल्ससारख्या तीन काउंट्या खिशात घातल्या की अख्खं अटलांटा फिटलं. वर्णभेदाचं राजकारण इतकं टिकलं त्यात या गणिताचा हात मोठा, असं माझं मत. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं.

२००२ मध्ये सनी पर्ड्यू जिंकले. १८७२ नंतर पहिल्यांदाच रिपब्लिकन गव्हर्नर. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत २०२० ला इथे डेमोक्रॅट बायडन ११,७७९ मतांनी पुढे, २०२४ ला पुन्हा ट्रम्प.

घर बघताना शहराच्या नावावर जाऊ नका, काउंटी विचारा. मालमत्ता कर आणि शाळा बहुतेक ठिकाणी तिच्यावरच ठरतात.