क्रे आणि लॉक्स-पी शिकू लागताना

तुम्ही प्रयोगशाळेत नव्याने आला आहात, म्हणून सांगतो: पुस्तकातील आकृती पाठ करण्याआधी, उत्तरायणानंतर वडोदऱ्याच्या गच्च्यांवर उरतो तसा दोन रंगांचा दोरा घ्या आणि डीएनएचे वळसे स्वतः घालून पाहा.

क्रे हे डीएनए तोडून नव्या जोडणीने जुळवणारे प्रथिन आहे आणि लॉक्स-पी हे ते जिथे काम करते ते डीएनएवरील स्थान. लॉक्स-पी हे स्थान 34 बेस-जोड्यांचे असते. दोन्ही टोकांना 13 जोड्यांचे परस्परांच्या उलट क्रम आणि मध्ये 8 जोड्या. अदलाबदल दोन स्थानांमध्ये होते. प्रत्येक स्थानावर क्रे प्रथिनाचे दोन, म्हणजे एकूण चार रेणू बसतात. त्यांपैकी दोघांचे टायरोसीन हे अमिनो आम्ल प्रत्येक स्थानावरील डीएनएचा एकेक धागा तोडून त्याच्या फॉस्फेटशी सहसंयुज बंध जोडते. तोडलेल्या बंधाची ऊर्जा तिथेच टिकून राहते, त्यामुळे एटीपी (पेशीतील ऊर्जा पुरवणारा रेणू) लागत नाही. धाग्यांची अदलाबदल झाली की हॉलिडे संधी (दोन डीएनए धाग्यांच्या अदलाबदलीने जोडले गेलेला चौरस्ता) तयार होते आणि मग उरलेले दोन धागे तुटून जोडले जातात.

मधल्या 8 जोड्या असममित असल्याने स्थानाला दिशा असते; आकृतीत ती बाणाने दाखवतात. माझ्या मते नवशिक्यांची सर्वाधिक फसगत इथेच होते: दोन्ही बाण एका दिशेचे असतील तर मधला तुकडा वर्तुळ होऊन सुटतो, समोरासमोर असतील तर तो उलटतो. प्लास्मिड (प्रयोगासाठीचे छोटे वर्तुळाकार डीएनए) बनवण्याआधी बाणांची दिशा क्रमवाचनाने तपासाच.

टायरोसीनऐवजी सेरीन हे अमिनो आम्ल वापरणाऱ्या अशाच प्रथिनांच्या कुळाची रीत निराळी आहे. साल्मोनेला या जिवाणूतील हिन प्रथिन चारही धागे एकदम तोडते आणि अर्धा संकुल 180 अंश फिरल्यावर टोके पुन्हा जोडते. दोऱ्याने हे करताना गाठ पडते. ती सोडवण्यात एक संध्याकाळ गेली तरी चालेल.