वडिलांच्या जुन्या मोटारीचे चित्र

प्रश्न : वडिलांकडे पूर्वी १९५६ सालची फोक्सवॅगन बीटल होती. तिचे पेन्सिलचित्र त्यांना भेट द्यावे असे मनात आहे, परंतु हाती एकच धूसर छायाचित्र आहे. सुरुवात कशी करावी?

उत्तर : मोटारीचा आकार त्याच सालच्या स्पष्ट छायाचित्रांवरून घ्यावा. साल मात्र काटेकोरपणे जुळवावे, कारण बीटलची मागची काच १९५३ च्या आरंभापर्यंत दुभागलेली, त्यानंतर १९५७ च्या मध्यापर्यंत लंबवर्तुळाकार आणि पुढे मोठी, आयताकृती होती. काच चुकली तर ते वडिलांच्या नजरेतून सुटणार नाही. प्रमाणासाठी चाकाचा व्यास हेच माप धरावे : दोन्ही आसांमधील २४०० मिलिमीटरचे अंतर टायरसह चाकाच्या साडेतीन पटींहून किंचित अधिक भरते. तिरक्या कोनातून चाके लंबवर्तुळाकार दिसतात, आणि नवशिक्यांची चित्रे बहुधा तेथेच फसतात. क्रोमचा बंपर करड्या रंगाने भरू नये. कागद बराचसा कोरा ठेवून क्षितिजाच्या प्रतिबिंबाची एक गडद पट्टी ओढली की तो चकाकतो.

तुमचे धूसर छायाचित्र खरे उपयोगी पडेल ते नंबरप्लेट, टपावरची जाळी, एखादा पोचा अशा खुणांसाठी. पोचा अवश्य काढावा.