क्रिस्पर आल्यावर संकराचं काम उरेल का?

पत्र : मी वनस्पतीशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे पीक सुधारणेतच काम करायचं हे ठरलंय. पण पदव्युत्तर शिक्षणाला रोप पैदास, म्हणजे संकर आणि निवडीतून नवे वाण काढण्याचा विषय, घ्यावी की रेण्वीय जीवशास्त्र, हे काही केल्या ठरत नाही. वर्गातले म्हणतात, क्रिस्परसारखं जनुक संपादन, म्हणजे डीएनए हव्या जागी कात्रीसारखं कापून बदलण्याचं तंत्र, आल्यावर दोन वाणांचा संकर करायचा आणि वर्षानुवर्षं निवड करत बसायचं याला काही अर्थ उरणार नाही. प्रयोगशाळेत माझा हात चांगला चालतो, पण संख्याशास्त्राची भीती वाटते. आई-बाबांना वाटतं की शेतातलं संशोधन उन्हातान्हाचं काम आहे, मुलीने प्रयोगशाळाच धरावी. तुमचं मत सांगाल का? – एक विद्यार्थिनी

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या वर्गातल्यांच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते, कारण तोच सध्या सगळीकडे ऐकू येतो. त्यासाठी गव्हाची एक गोष्ट सांगते.

गव्हावर भुरी नावाचा रोग येतो. पानांवर पांढरी भुकटी पसरते आणि दाणा बारीक राहतो. या बुरशीला पानात शिरायला झाडाचंच एक जनुक मदत करतं, त्याचं नाव एमएलओ. हे जनुक बिघडलेली सातूची झाडं निसर्गात सापडली होती आणि त्यांना भुरी होत नव्हती. मग गव्हात तसं झाड का सापडलं नाही? कारण गहू म्हणजे एका देहात नांदणारी तीन गवतं. त्याच्या पेशीत तीन पूर्वजांचे गुणसूत्रांचे संच आहेत, एकूण ४२ गुणसूत्रं. त्यामुळे बहुतेक जनुकांच्या तीन-तीन प्रती असतात. एक प्रत आपोआप बिघडली तरी उरलेल्या दोन काम चालू ठेवतात. तिन्ही प्रती एकाच झाडात निसर्गतः बिघडणं जवळजवळ अशक्य.

२०१४ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी जनुक संपादनाने या तिन्ही प्रती बंद करून दाखवल्या. गव्हाला भुरीपासून संरक्षण मिळालं. संकराच्या वाटेने हे साधलं नसतं, म्हणून तुझ्या वर्गातल्यांचा उत्साह मला खोटा वाटत नाही. पण पुढचं ऐक. ती झाडं निरोगी राहिली तरी चांगली वाढेनात. पानं लवकर पिवळी पडत, उंची कमी भरे, उत्पादन घटे. ज्या जनुकाने बुरशीला दार उघडून दिलं होतं, तेच झाडाच्या स्वतःच्या वाढीतही कुठेतरी गुंतलेलं होतं.

मग मार्ग कसा निघाला? संपादन केलेल्या झाडांमध्ये एक झाड असं होतं की ज्याला भुरी होत नव्हती आणि ज्याची वाढही नीट होती. त्याच्या जनुकसंचात पाहिलं तेव्हा कळलं की तिथे एका प्रतीजवळचा गुणसूत्राचा तुकडा, डीएनएच्या जवळपास तीन लाख अक्षरांचा, गळून पडला होता. त्यामुळे शेजारचं एक वेगळंच जनुक जास्त काम करू लागलं आणि वाढीचं नुकसान भरून निघालं. हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. असा तुकडा गळेल अशी योजना कुणी आखलेली नव्हती. झाडं लावली, शेजारी-शेजारी पाहिली, आणि इतरांसारखं न दिसणारं एक वेगळं काढलं, म्हणून ते हाती आलं. हे निवडीचंच काम झालं. कात्री नवी असली तरी डोळा पैदासकाराचाच लागला.

माझ्या मते पीक सुधारणेत करिअर करणाऱ्याने ही गोष्ट पक्की समजून घ्यावी. संकर, विकिरणाने उत्परिवर्तन, ऊतीसंवर्धन, जनुक संपादन या सगळ्या विविधता निर्माण करण्याच्या किंवा हव्या जागी आणण्याच्या वाटा आहेत. त्यानंतरचं काम बदलत नाही: शंभरातली नव्व्याण्णव झाडं टाकून द्यायची आणि उरलेलं एक वेगवेगळ्या जमिनीत, वेगवेगळ्या हंगामात टिकतं का ते पाहायचं. दोन शुद्ध वाणांचा संकर केला की पहिली पिढी एकसारखी येते. दुसऱ्या पिढीत सगळे गुण विखुरतात, आणि खरा बाजार तिथे भरतो. स्वपरागित, म्हणजे स्वतःच्याच परागाने फळणाऱ्या, पिकात दर पिढीला जनुकांच्या मिश्र जोड्या निम्म्या होत जातात. म्हणून पाचव्या-सहाव्या पिढीपर्यंत गेल्याशिवाय झाड स्थिर झालं असं म्हणता येत नाही. जनुक संपादनाने यातली काही वर्षं वाचतात, हे खरं. पण उत्पादनासारखा गुण एका जनुकावर चालत नाही. तो थोडा-थोडा परिणाम करणाऱ्या असंख्य जनुकांवर उभा असतो. तिथे कोणती जागा कापायची हेच आधी माहीत नसतं.

शिवाय संपादन केलेली एक पेशी म्हणजे रोप नव्हे. त्या पेशीपासून पूर्ण रोप वाढवावं लागतं. हे ऊतीसंवर्धनाचं काम आहे आणि काही वाण त्याला सहज दाद देतात, काही महिनोन् महिने नुसत्या गोळ्यासारखे पडून राहतात. तुझा प्रयोगशाळेत हात चांगला आहे असं लिहिलंयस, म्हणून मुद्दाम सांगते. ऊतीसंवर्धनातून रोप उभं करता येणाऱ्या माणसाला या क्षेत्रात नेहमी मागणी असते, कारण अडतं ते इथेच. ही कला पुस्तकातून येत नाही.

आता निवडीच्या प्रश्नाकडे येते. तू जी दोन दारं समोर मांडली आहेस त्यांच्या मधल्या भिंतीत एक तिसरं दार आहे, आणि मी तुला तिथूनच आत जायला सांगेन. भाताचं उदाहरण घे. ओडिशातल्या एका जुन्या देशी भातात पुराचं पाणी डोक्यावरून गेलं तरी दोनेक आठवडे तग धरण्याचा गुण होता. इतर भात पाण्याखाली गेला की वर येण्यासाठी भराभर लांब होतो, साठवलेली ताकद खर्चून टाकतो आणि पाणी ओसरल्यावर मरून जातो. हा भात उलट करतो, वाढ थांबवून शांत बसतो. ही क्षमता आधी गुणसूत्र ९ वरच्या एका भागात सापडली आणि २००६ मध्ये तिथलं नेमकं जनुक ओळखलं गेलं, त्याला सब-१ए म्हणतात. जुन्या भाताचा दाणा आणि उत्पादन कुणाला नको होतं, फक्त हा एक गुण हवा होता. म्हणून मोठ्या क्षेत्रावर पिकवल्या जाणाऱ्या वाणाशी संकर केला, मग त्याच वाणाशी पुन्हा-पुन्हा संकर केला आणि दर पिढीत डीएनएच्या चिन्हकांनी, म्हणजे हवा तुकडा ओळखू देणाऱ्या खुणांनी, पाहिलं की हा तुकडा आला आहे ना आणि बाकीचा जुना भात निघून जातोय ना. रोप लहान असतानाच, पुरात न बुडवता निवड करता आली. परिणामी मूळ वाणाच्या सगळ्या सवयी तशाच राहिल्या आणि पुराला तोंड देण्याची ताकद आली. या कामात रेण्वीय प्रयोगशाळा आणि चिखलातलं शेत यांच्यापैकी एकही वगळता आलं नसतं. मला वाटतं, तुला असंच काम करायचं आहे.

म्हणून पदव्युत्तर शिक्षणासाठी जनुकशास्त्र आणि रोप पैदास हा विषय घे, पण प्रबंध असा निवड की त्यात स्वतः वाढवलेली झाडं आणि स्वतः चालवलेली चिन्हकं दोन्ही असतील. मार्गदर्शक ठरवण्याआधी तीन गोष्टी बिनधास्त विचार. तुम्ही कोणत्या जननद्रव्यावर, म्हणजे पैदाशीसाठी जपलेल्या कोणत्या वाणांवर आणि बियांवर, काम करता? मला किती हंगाम शेतात काढता येतील? आणि गोळा झालेल्या नोंदींचं विश्लेषण मी स्वतः करणार की दुसरं कुणी? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'दुसरं कुणी' असेल, तर तिथे जाऊ नकोस.

इथे संख्याशास्त्र येतं. तुझी भीती मला समजते, पण तिचं मूळ बहुधा गणिताच्या तासात आहे, आणि या विषयाचं मूळ शेतात आहे. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या कृषी संशोधन केंद्रात रुजू झाले आणि आज सगळं जग जी प्रयोगरचना वापरतं तिचा पाया त्यांनी तिथल्या वाफ्यांच्या आकड्यांवर घातला. अडचण साधी होती. वाफ्याच्या कडेचं झाड जास्त जोमदार दिसतं, कारण त्याला उजेड जास्त मिळतो. पाण्याच्या पाटाजवळचं झाड हिरवंगार दिसतं. मग यातलं किती कौतुक वाणाचं आणि किती जागेचं? हे वेगळं करण्यासाठी वाण अनेक ठिकाणी, चिठ्ठ्या टाकून आल्यासारख्या क्रमाने लावतात आणि मग तुलना करतात. एवढी कल्पना मनात बसली की पुढची सूत्रं आपोआप अर्थ देऊ लागतात. 'आर' ही मोफत मिळणारी संगणकीय भाषा आत्ताच शिकायला घे. शंभर रोपांच्या उंचीच्या नोंदी घेऊन तिच्यात खेळ, भीती पुष्कळशी जाईल.

वनस्पतींचं शरीरक्रियाशास्त्र मात्र कुणी तुला आग्रहाने वाचायला सांगणार नाही, म्हणून मी सांगते. १९६० च्या दशकात गहू आणि भात यांचे बुटके वाण आले आणि उत्पादन झेपावलं, कारण भरपूर खत दिलं तरी ताट लोळेना. पैदासकारांनी हे बुटकेपण डोळ्यांनी पाहून निवडलं होतं. त्यामागचं कारण पुष्कळ उशिरा कळलं. जिबरेलिन नावाचं संप्रेरक झाडाला 'वाढ' असा निरोप देतं. बुटक्या गव्हात तो निरोप पोहोचूनही ऐकला जात नाही, हे १९९९ मध्ये स्पष्ट झालं. बुटक्या भातात निरोपच कमी तयार होतो, ते २००२ मध्ये उलगडलं. दिसायला एकच गुण, आतून दोन निरनिराळी कारणं. पुढे दुष्काळ किंवा उष्णतेचं काम करताना हा फरक माहीत नसलेला माणूस अंधारात चाचपडतो. म्हणून पाणी, प्रकाश, संप्रेरकं यांवरचे तुझे पदवीचे धडे परीक्षेपुरते वाचून सोडू नकोस.

आई-बाबांशी बोलताना दोन स्त्रियांची नावं सांग. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याची झाडं स्वतः लावून, स्वतः परागीभवन करून, एकेका कणसाच्या दाण्यांच्या रंगांवरून जनुकं जागा बदलतात हे ओळखलं. त्यासाठी १९८३ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या ८१ वर्षांच्या होत्या. भारतीय वनस्पतीशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांनी ऊस पैदाशीत आणि गुणसूत्रांच्या अभ्यासात काम केलं आणि १९४५ मध्ये लागवडीखालच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा मोठा संग्रह सिरिल डार्लिंग्टन यांच्यासोबत सिद्ध केला. पण उन्हाचं काम असतं ही आई-बाबांची काळजीही खोटी नाही. फुलोऱ्याच्या दिवसांत सुट्टी मिळत नाही, पहाटे परागीभवन असतं, आणि एखाद्या वाणाला लोकांपर्यंत पोहोचायला दहा-बारा वर्षं सहज लागतात. सुरुवातीची नोकरी बहुधा एखाद्या प्रकल्पावरची, मुदतीची असते. हे तू आत्ताच घरी सांग, नंतर तेच वादाला कारण होतं. सगळ्यांनाच पैदासकार व्हावं लागत नाही, हेही सांग. बियाण्याची शुद्धता तपासणं, जनुकपेढीत हजारो नमुने जिवंत ठेवणं, नवा वाण खरंच वेगळा आणि एकसारखा आहे का हे प्रमाणित करणं, प्रतिमांवरून रोपांची मोजमापं काढणं, अशा कामांना माणसं लागतात आणि तिथे चांगली बुद्धी कमीच पोहोचते.

माझ्या स्वतःच्या पहिल्या हंगामातली एक गोष्ट सांगते. आम्ही केलेल्या संकरांच्या पिशव्यांवर साध्या शाईने नावं लिहिली होती. दोन दिवसांच्या पावसाने ती धुऊन गेली. बी हाती आलं, पण कुणाची आई कोण आणि बाप कोण ते कुणालाच सांगता येईना. ते सगळं बी टाकून द्यावं लागलं. नाव गेलेलं बी हे नुसतं धान्य असतं. तेव्हापासून मी पेन्सिलीने लिहिते, एक लेबल झाडाला, एक पिशवीच्या आत, एक नोंद वहीत. नोकरीच्या मुलाखतीतही मी उमेदवाराची नोंदवही पाहायची, गुणपत्रिका नंतर.

अर्ज भरण्याआधी एक प्रयोग कर. दोन वेगळ्या वाणांचे वाटाणे कुंडीत लाव. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेल यांनी वाटाण्याचे संकर सुरू करण्याआधी दोन वर्षं फक्त ३४ वाण शुद्ध आहेत का ते तपासण्यात घालवली आणि त्यातले २२ ठेवले, हे आठवून एवढी सवड तू काढशीलच. वाटाण्याचं फूल उमलण्याआधीच स्वतःवर पराग टाकतं, म्हणून कळी घट्ट असताना ती चिमट्याने अलगद उघडायची, दहाच्या दहा पुंकेसर काढून टाकायचे, दुसऱ्या वाणाच्या उमललेल्या फुलातले पराग कुक्षीवर लावायचे आणि दोऱ्याने लेबल बांधायचं. वीस कळ्यांवर कर. पहिल्या बऱ्याच तुटतील, काहींत एखादा पुंकेसर राहून जाईल. किती शेंगा धरल्या आणि न धरलेल्यांचं तुला काय कारण वाटतं, ते तारखांसह वहीत लिही आणि मला पाठव. मग पुढचं बोलू.